मामींच्या पोळ्या आणि विजेचा साचा

पातळ, गोल पोळी लाटता येणं ही आपल्याकडे अजूनही सुगरणपणाची पहिली परीक्षा! म्हणूनच विजेवर चालणारा रोटी मेकर घरात आला, की गृहिणीच्या मनात प्रश्न उभा राहतो, ‘आता माझ्या हाताचं काय?’ मला याचं उत्तर पुण्या-मुंबईत नाही, तर कावेरीकाठच्या कुंभकोणममध्ये मिळालं.

कुंभकोणम तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवर. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले आणि कितीतरी मराठी घराणी या मुलखात स्थिरावली. १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, घराणी मात्र तिथेच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव कुंभकोणमच्या अशाच मराठी घरातले. माझ्या वहिनीचं माहेरही तसंच. दारात कोलम, सकाळी फिल्टर कॉफी, दुपारी सांबार-भात. घरातलं बोलणं मात्र जुन्या वळणाचं, तमिळ हेल असलेलं मराठी.

वहिनीच्या आईला सारी गल्ली ‘मामी’ म्हणते, म्हणून मीही. मामांना मधुमेह. डॉक्टरांनी रात्रीचा भात कमी करायला सांगितला आणि या भातखाऊ घरात पोळी रोजची झाली. तमिळमध्ये ‘पोळी’ म्हणजे पुरण भरलेली गोड पोळी. मामा रोज पोळी खातात हे ऐकून शेजारीण घाबरलीच!

पुढे मामींच्या मनगटाला संधिवाताने धरलं. दोन पोळ्या लाटल्या की हात ठणकायचा. चेन्नईच्या मुलाने विजेचा साचा आणून दिला. पहिल्याच दिवशी पोळ्या पापडासारख्या कडक निघाल्या. मामींनी साचा फळीवर ठेवून दिला. मामा हळूच म्हणाले, “राहू दे, मी भातच खाईन.” ते मात्र मामींना सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी साचा पुन्हा खाली उतरला.

चूक साच्याची नव्हती, कणकेची होती. लाटण्यासाठी भिजवलेली घट्ट कणीक साच्यात दाबली, की गव्हातलं ग्लुटेन तिला रबरासारखं मागे ओढतं. मेक्सिकोतल्या मक्याच्या टॉर्टियाचं तसं नाही. मक्यात ग्लुटेन नसतं, म्हणून थंड, हाताने दाबायच्या साच्यातही ती पसरलेली राहते. गव्हाच्या पोळीला मात्र दाबाबरोबर आचही लागते. तापलेल्या तव्यांवर तिचा पातळपणा तिथल्या तिथे धरला जातो.

मामींनी कोमट पाण्यात, नेहमीपेक्षा बरीच सैल कणीक भिजवली. चमचाभर तेल लावून अर्धा तास झाकून ठेवली. साचा पुरता तापल्यावर लहान गोळा मधोमध न ठेवता किंचित मागे, बिजागरीच्या बाजूला ठेवला, कारण दाबताना तो पुढे सरकतो. दांडा एक-दोन सेकंदच दाबायचा आणि लगेच उचलायचा. जास्त वेळ दाबून धरला तर आत कोंडलेली वाफ पोळी फाडून बाहेर पडते. बुडबुडे दिसले की उलटायची आणि वरचं झाकण नुसतं अलगद टेकवायचं. चौथी पोळी टम्म फुगली!

अर्थात साच्याच्याही मर्यादा आहेत. घडीची पोळी त्यात होत नाही, फुलकाच होतो. ज्वारीच्या भाकरीच्या कडा फाटतात. ९०० वॅटचा साचा अर्धा तास चालवला तर वीज अर्ध्या युनिटच्या आत लागते, पण वीज गेली की लाटण्याशिवाय गत्यंतर नाही.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. आता मामी कणीक भिजवतात आणि खुर्चीवर बसून गोळे करून देतात, दांडा मामा दाबतात. चाळीस वर्षांच्या संसारात मामा ओट्यापाशी कधी उभे राहिले नव्हते! एके रात्री ते ऐटीत म्हणाले, “आज पोळ्या मी केल्या.” मामी हसून म्हणाल्या, “कणीक कोणाची?”

मैत्रिणींनो, खरी गोष्ट हीच. यंत्राने घेतलं ते मनगटाचं ओझं. किती पाणी घालायचं, कणीक कधी तयार झाली, हे बोटांना कळतं, ते यंत्राला कळत नाही. हात दुखत असताना लाटणं सोडलं म्हणून कोणाचं सुगरणपण जात नाही.