खेकड्याचा अर्ज

धरणगावच्या आमच्या मोहल्ल्यात खेकडा कुणाच्या ताटात येत नाही. आम्ही हनफी; पाण्यातली मासळी तेवढी खावी, हे लहानपणापासून ऐकलेले. त्यामुळे खेकडा आम्हा पोरांच्या हाती यायचा तो खेळायला. पावसाळ्यात नाल्याकाठच्या बिळातून त्याला ओढायचे, नांगीला दोरा बांधायचा आणि गरागरा फिरवायचे. एकदा नांगी दोऱ्यालाच राहिली आणि खेकडा उरलेल्या पायांनी तिरका चालत बिळाकडे गेला. आम्ही टाळ्या पिटल्या. त्या रात्री अम्मीने मला जेवायला वाढले नाही. कारणही सांगितले नाही.

हे आठवले २०१९ साली. २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, माणसे वाहून गेली आणि तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला. विरोधकांनी खेकडेच पोलीस ठाण्यात नेले, करा म्हणे यांना अटक. त्या आंदोलनांत खेकड्यांचे हाल झाले म्हणून एका प्राणिसंघटनेने कारवाई मागितली, तेव्हा लोक आणखी हसले. मीही हसलो. मग तो दोरा आठवला.

१९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा काढून वाचला. त्यात प्राणी म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव. म्हणजे खेकडा आत आहे! पण पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला १० ते ५० रुपये. खाण्यासाठी मारताना अनावश्यक वेदना दिली तरच गुन्हा; आता जिवंत उकळणे आवश्यक की अनावश्यक, हे कोण ठरवणार? स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये बेशुद्ध न करता लॉबस्टर उकळायला बंदी घातली. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडा-लॉबस्टरांना जाणीव असते हे मान्य केले. बेलफास्टच्या रॉबर्ट एलवूड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य झटके देऊन पाहिले. नावडता शंख ते लवकर सोडत, आवडता सहजी सोडत नसत. दुखणे आणि घर यांचा हिशेब करणारा जीव निव्वळ यंत्र कसा म्हणावा?

आपल्याकडे तर हे आधीच सांगून ठेवलेले. मारायचेच तर नीट मारा, सुरीला धार लावा, जनावराला त्रास कमी द्या, ही हदीस खाटकाच्या पोरालाही ठाऊक असते. साथीदारांनी मुंग्यांचे वारूळ जाळले तेव्हा, आगीची शिक्षा फक्त आगीच्या मालकाने द्यावी, असे पैगंबरांनी (स.) बजावले होते. उकळते पाणी त्यात मोडते का, हे उलेमांनी सांगावे. माझ्या मनाने केव्हाच सांगितले आहे.

म्हणून सरकारला पाठवायला अर्ज लिहिला: खेकड्यांचे नाव घेऊन नियम करा, जिवंत उकळणे आणि जिवंतपणी नांग्या मोडणे बंद करा. पहिल्या सहीसाठी एका कुरेशी मित्राकडे गेलो. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर त्याचा पिढीजात धंदा बसला. आता तो बाजारात कांदे-बटाटे विकतो. त्याने कागद वाचला, घडी घातली.

"सर, आज खेकडा. उद्या बकरीदचा बकरा."

मला उत्तर सुचले नाही. प्राण्यांची दया हा शब्द कानावर आला की आपल्या वस्तीत दारे का लागतात, हे मी त्याला काय सांगणार? त्याच्या दुकानाला कुलूप लागले तेही दयेच्याच नावाने. तरी मी कलम २८ दाखवले. धर्मरीतीने जनावर मारणे त्यात गुन्हा धरलेले नाही.

"मग ते कलम तसेच ठेवा, असे वर लिहा."

लिहिले. त्याने पुन्हा वाचले आणि म्हणाला, "अब्बा माझ्या हातून सुरी काढून घ्यायचे. धार बोटाने तपासायचे, मगच परत द्यायचे." हात पुसून त्याने उर्दूत सही केली.

मोहल्ल्यात आणखी चार घरे फिरलो. चहा सगळीकडे मिळाला. अर्ज अजून माझ्या पिशवीत आहे, त्यावर सह्या दोनच.