भिंतीवर कोणाचा चेहरा?

बंगळुरूच्या शिवाजीनगरात नावांना तोटा नाही. वस्तीला छत्रपतींचं नाव आहे, 1927च्या रसेल मार्केटला ब्रिटिश म्युनिसिपल कमिशनर टी. बी. रसेल यांचं. ज्यांच्या जिवावर हा बाजार रोज भरतो, ते फूलवाले, खाटीक, हमाल कुठल्याच पाटीवर नाहीत. वस्तीतल्या मुलामुलींनी आपल्या या शेजाऱ्यांचे चेहरे इथल्या भिंतींवर रंगवावेत, असं मला मनापासून वाटतं. 2009मध्ये महापालिकेने पाट्या रंगवणाऱ्या कलाकारांकडून शहरातल्या भिंती रंगवून घेतल्या. वाघ आले, हंपी आली, म्हैसूरचा राजवाडा आला. कलाकारांना काम मिळालं, हे चांगलंच झालं. पण भिंतीसमोर राहणारा माणूस त्या चित्रांत फारसा नव्हता. चेहरे होते ते फ्लेक्सवर, नेत्यांचे, हात जोडलेले. 2018मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर पालिकेने तेही उतरवले.

मुंबईच्या ससून डॉकमध्ये 2017 साली वेगळं घडलं. जेआर या फ्रेंच कलाकाराने 2011मध्ये सुरू केलेल्या ‘इनसाइड आउट’ उपक्रमातून तिथल्या कोळ्यांचे मोठाले कृष्णधवल फोटो गोदीतल्याच इमारतीवर चिकटवले गेले. ज्या धक्क्यावर त्यांची मासळी उतरते, तिथेच त्यांचे चेहरे झळकले. तरी मला फोटोपेक्षा चित्र हवं आहे, कारण चित्राला वेळ लागतो. रोज ज्याच्या गाड्यावरून पुढे निघून जातो त्याचं नाव विचारावं लागतं, समोर बसावं लागतं, त्याच्या कपाळावरची आठी नीट बघावी लागते. चित्र बिघडलं तरी हे बघणं वाया जात नाही. बंगळुरूच्याच के. आर. मार्केट परिसरात अरवनी आर्ट प्रोजेक्टच्या ट्रान्स स्त्रियांनी स्वतः ब्रश हाती घेतला आणि ‘आम्ही आहोत’ या अर्थाच्या कन्नड शब्दांसह स्त्रियांचे चेहरे रंगवले. लोक ज्यांची नजर चुकवतात, त्यांच्याकडे तिथे मान वर करून पाहावं लागतं.

रंगाने नळाला पाणी येत नाही, ही तक्रार मुंबईतल्या असल्फाच्या टेकडीवरची घरं रंगवली तेव्हाही झाली. ती रास्त आहे. गटाराचं काम टाळून रंगाचे डबे पाठवणाऱ्याला ही चित्रं वापरू देऊ नयेत. त्याहून गंभीर आक्षेप शिवाजीनगरातूनच येईल. सजीवाचं चित्र काढणं अनेक मुस्लिम कुटुंबांना मान्य नसतं, आणि आपला चेहरा बसस्टँडसमोर असावा असं प्रत्येक बाईला वाटेलच असं नाही. इथे मी शेजाऱ्याच्या बाजूने आहे. कोणी चेहरा नको म्हटलं तर तराजू रंगवावा, अत्तराच्या कुप्या रंगवाव्यात. तेही नको असेल तर भिंत कोरी ठेवावी. होकार देऊन नंतर मन बदललं, तर चुना फासण्याची तयारी हवी. पावसात रंग उडतील, मेट्रोच्या कामात एखादी भिंत पडेलही. मग दुसरी भिंत शोधावी, आणि पहिल्या खेपेला ज्यांना विचारायचं राहून गेलं होतं त्यांच्याकडे आधी जावं.