एल्बेच्या पोटात एक रविवार

जर्मनीत रविवारी दुकानं बंद! एका सेमिस्टरसाठी हॅम्बुर्गला आले तेव्हा सुरुवातीला याचा वैताग यायचा. आता मात्र मी रविवारची वाट बघते. खरेदी नाही, घाई नाही... नुसतं भटकायचं!

परवा लांडुंग्सब्रुकेनच्या धक्क्यावर तासभर बोटी बघितल्या आणि मग हिरव्या घुमटाखालच्या लिफ्टने थेट एल्बे नदीच्या खाली उतरले. १९११ साली उघडलेला हा बोगदा ४२६ मीटर लांब, सुमारे २४ मीटर खोल. चालत जायला तिकीट नाही. भिंतींवर माशांची सुंदर शिल्पं. पलीकडच्या गोदीत कामाला जाणाऱ्या कामगारांसाठी तो बांधला.

खणताना नदीचं पाणी आत येऊ नये म्हणून दाबाखालची हवा भरत. बाहेर येताना दाब झपकन उतरला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होत. कित्येक मजूर आजारी पडले, काही दगावले.

बारावीत हेन्रीचा नियम मार्कांसाठी घोकला होता. तो माणसांच्या सांध्यांत, रक्तात असा शिरतो हे इथे कळलं.

पलीकडे बाहेर आले. समोर सेंट मिशाएलिस चर्चचा मनोरा आणि सगळं शहर उन्हात पसरलेलं. मंडळी, हॅम्बुर्गला आलात तर हे दृश्य चुकवू नका. पण बोगद्यातून जरा सावकाश चाला!