शुक्राचार्यांचे वैर

लहानपणी देवळाच्या जत्रेत आम्ही खाडिलकरांचे 'विद्याहरण' (१९१३) पाहिले, आणि शुक्राचार्य आमच्या मनात खलपुरुष म्हणूनच बसले. मेलेले दैत्य मंत्राने उठविणारा, मद्यातून कचाची राख पिणारा हा मांत्रिक! देवगुरु बृहस्पतींशी त्याचे वैर का, हे मात्र आम्हांस कोणी सांगितले नाही.

पुढे ब्रह्मपुराणातील शुक्रतीर्थाची कथा ऐकली. भृगूंचा शुक्र आणि अंगिरसांचा बृहस्पती हे दोघे अंगिरसांपाशीच शिकत. गुरु स्वतःच्या मुलास झुकते माप देतात, हे शुक्राने ओळखले. त्यांची अनुज्ञा घेऊन तो निघाला. गोदातीरी शंकरास आळवून त्याने देवांनाही अप्राप्य अशी मृतसंजीवनी मिळविली. महाभारतात त्याच बृहस्पतीचा मुलगा कच विद्येसाठी दारी आला, तेव्हा याचा सत्कार तो बृहस्पतीचाच सत्कार, असे म्हणून शुक्राने त्यास ठेवून घेतले.

ही कथा ऐकून आम्हांस आमची ओसरी आठवली. आमच्या मुलाबरोबर शेजारचा एक मुलगा तेथे गणित शिकावयास येई. अवघड उदाहरणे आम्ही मुलासाठी रात्रीकरिता राखून ठेवीत असू. पुढे तो मुलगा येईनासा झाला. आम्ही त्यास आळशी ठरविले.

आज तो भेटला की वाकून नमस्कार करतो. आमच्याच्याने मात्र मान वर करवत नाही.