पू न झालेली जखम

निवासी डॉक्टर असताना सेप्सिसबद्दल माझं मत पक्कं होतं: रुग्णाला जंतूंपेक्षा त्याच्याच पांढऱ्या पेशी जास्त मारतात. जंतूंची चाहूल लागली की टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ असे संदेश सुटतात आणि काही तासांत रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ई-सिलेक्टिन, आयकॅम-१ हे चिकटवणारे रेणू वाढतात. वाहती पेशी त्यांना अडखळते, घरंगळते, घट्ट चिकटते आणि भिंतीतून पलीकडे शिरते. सेप्सिसमध्ये हे फुप्फुसं, मूत्रपिंडं, सगळीकडेच सुरू होतं. हा चिकटपणा तोडला की माणूस वाचेल, असं मी ज्युनिअर्सना छातीठोकपणे सांगायचो.

१९९६ साली छापून आलेली चाचणी मी वाचली होती. टीएनएफला रक्तातच पकडणारं औषध, सेप्टिक शॉकचे १४१ रुग्ण. औषध न मिळालेल्यांपैकी ३० टक्के दगावले, सर्वांत मोठी मात्रा मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. मी म्हटलं, वेळ चुकली असेल.

मग बालरोग विभागात ते बाळ आलं. महिना उलटला तरी नाळ गळली नव्हती. बेंबीभोवती लाल, पण पूचा थेंब नाही. आईने विचारलं, "पू नाही, म्हणजे जखम चांगलीच ना डॉक्टर?" मी मान डोलावली. ते अजून सलतं.

रक्तात पांढऱ्या पेशी साठ हजारांवर होत्या. पण ज्या प्रथिनाच्या आधाराने त्या आयकॅमला धरतात, ते सीडी-१८ त्यांच्यावर जवळपास नव्हतंच. एवढ्या पेशी रक्तात नुसत्या फिरत राहिल्या, बेंबीपर्यंत एकही उतरू शकली नाही. मला सेप्सिसच्या रुग्णांत जे घडवून आणायचं होतं, ते या बाळात जन्मतःच घडलेलं होतं. बाळ गेलं.

सेप्सिसच्या २०१६ च्या व्याख्येत संसर्गाला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादाचा उल्लेख आहे. मी 'बिघडलेला' म्हणजे 'अतिरेकी' असंच धरून चाललो होतो. पण एकाच रुग्णात फुप्फुसांत पेशींची दाटी होते आणि जिथे जंतू आहेत तिथे त्या कमी पडतात, हेही बिघडणंच. सगळीकडचं चिकटणं बंद करणारं औषध ही जागा कशी ओळखणार?

आता शॉकमधला रुग्ण आला की ब्लड कल्चर, तासाभरात अँटिबायोटिक, आणि गळू कुठे आहे त्याचा शोध. परवा एका मधुमेही आजींच्या मूत्रपिंडाशेजारच्या गळूत नळी घातली. पिशवीत घट्ट पिवळा पू उतरला, तेव्हा मुलगा घाबरला. त्याला बाजूला बसवून मी सांगितलं, की या पेशी तिथवर पोचल्या होत्या.