बांधावरची कळलावी

श्रावण लागला की भडगावच्या गिरणाकाठच्या बांधांवर बोरीची झुडपं पेटल्यासारखी दिसत. ती कळलावी. मला ते फूल घरी न्यायचं असे आणि आईचं एकच, "ती घरमा लयू नको, भांडनं व्हतीन." तिकडे कोकणात हीच फुलं गौरीपुढे मानाने ठेवतात.

कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकताना कळलावी नीट पाहिली. पानाचंच टोक लांबत जाऊन वळतं आणि फांदीला विळखा घालतं; चढायला वेगळे तणावे लागत नाहीत. फूल खाली झुकलेलं, सहा पाकळ्या मात्र उलट वर वळलेल्या, लहरी काठांच्या. आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक. झिंबाब्वेचं हे राष्ट्रीय फूल, तमिळनाडूचं राज्यफूल.

पुढे वडिलांच्या पायाचा अंगठा युरिक ॲसिडने सुजला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीवर नाव होतं कोल्चिसिन. कळलावीच्या कंदात आणि बियांत असतं ते हेच द्रव्य; बियांसाठी तमिळनाडूत तिची शेतीही होते. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं. रताळं समजून कंद खाल्लेली माणसं दगावली आहेत. आईची धास्ती मला तेव्हापासून वेगळीच वाटू लागली. मुलांचे हात त्या वेलीपासून लांब राहिले, ते बरंच झालं.

दिवाळीनंतर वेल वाळतो. कंद जमिनीत निजतो आणि मृगाच्या पावसावर पुन्हा कोंब धरतो. त्याला लागतं काय? न नांगरलेली हातभर जमीन आणि चढायला एक झुडूप. आज नेमकं तेच राहिलं नाही. कपाशी आणि केळीसाठी बांध कोरले गेले, बोरी जेसीबीने उपटल्या, उरल्यासुरल्या जागेवर तणनाशक फिरलं. औषधासाठी कंद उकरून नेणारेही आहेतच. आता कळलावी पाहायला मी चाळीसगावकडे, पाटणादेवीच्या जंगलात जातो. ते गौताळा अभयारण्यात येतं, म्हणून तिथे झुडपं शिल्लक आहेत.

गिरणाकाठच्या शेतकरी भावांनो, यंदा फवारणी करताना बांधावरची एखादी बोर तिच्या बुंध्याभोवतालच्या जमिनीसकट सोडा. कंद उकरू नका, चाखू तर मुळीच नका. फूल वेलीवरच राहू द्या.