मिशरीची डबी आणि घरातले दात

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना 'त, थ, द, ध' ही अक्षरे मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यावी लागतात. जीभ दाताला टेकल्याशिवाय ती नीट उमटत नाहीत. त्यामुळे माझे लक्ष मुलांच्या दातांकडे जरा जास्तच जाते. पुढचे दुधाचे दात पडलेले असणे ही त्या वयाची शोभाच आहे. काळजी वाटते ती मागे काळ्या पडलेल्या दाढांची.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती कोणत्याही दाताच्या जागी येत नाही, म्हणून पालकांना ती दुधाचीच वाटते. 'किडली तर किडू द्या टीचर, पडून दुसरी येईल,' असे पालकसभेत मी अनेकदा ऐकले आहे. ती दुसरी येत नाही. ती कायमची दाढ असते.

तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दातावरचे कवच पोखरते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळते, पण त्याला साधारण अर्धा तास लागतो. म्हणूनच किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे महत्त्वाचे. ईदचा शीरखुर्मा वाटीभर खाऊन संपतो. दिवसभर खिशातून निघणाऱ्या गोळ्या आणि दर तासाचा चहा-बिस्किटे मात्र दातांना उसंत देत नाहीत. झोपेत लाळ कमी होते. बाळाच्या तोंडात साखरेच्या दुधाची बाटली ठेवून त्याला झोपवणे यासाठीच वाईट.

रमजानमध्ये टूथपेस्ट नको म्हणून काहीजण दिवसभर दातांना हातच लावत नाहीत. सेहरी लवकर आटोपून वेळ संपण्याआधी ब्रश करता येतो आणि दिवसा मिस्वाक आहेच. टोक चावून त्याचे धागे मोकळे करावेत, जुने टोक कापून टाकावे. इफ्तारला लिंबाचे सरबत घेतल्यावर लगेच ब्रश करू नये. आंबटाने कवच मऊ झालेले असते. आधी चूळ भरावी, अर्ध्या तासाने घासावे. तेही कढई घासल्यासारखे जोर लावून नव्हे, कारण त्याने हिरड्या मागे सरतात. शिवताना दाताने दोरा तोडणे, पिनेने दात कोरणे याही आपल्या घरोघरच्या सवयी आहेत.

सर्वांत अवघड विषय मिशरीचा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण मिशरीला घरातला तवाच पुरतो. तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. पुष्कळ बायका दाढ दुखते म्हणून सुरू करतात आणि पुढे तिचीच तलब लागते. माझ्या खाला चाळीस वर्षे मिशरी लावत आल्या. 'बेटी, इसके बगैर मेरी सुबह नहीं होती,' हे त्यांचे ठरलेले उत्तर. मागच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या गालाच्या आत, जिथे मिशरी धरायच्या त्याच जागी, पांढरा चट्टा दाखवला. तपासणीत तो कॅन्सर निघाला नाही, अलहम्दुलिल्लाह. पण असे चट्टे पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतात, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

तरीही खालांची मिशरी सुटली नाही. तीन वेळांवरून त्या एका वेळेवर आल्या. मात्र सात वर्षांची नात शेजारी बसून बोटाने तशीच नक्कल करते हे दिसल्यापासून त्या तिच्यासमोर डबी उघडत नाहीत. मी त्यांना रागावत नाही. चाळीस वर्षांची तलब आहे; भाचीच्या भाषणाने ती जाणार नाही, डॉक्टरांची मदत घ्यावी लागेल आणि आम्ही ती घेत आहोत.

भगिनींनो, मुलांचे दात आपण निदान बघतो तरी. अम्मी, सासूबाई, दादी यांच्या तोंडात कोण बघते? दुखत नाही तोवर त्या बोलत नाहीत, आणि असा चट्टा सुरुवातीला बहुधा दुखतही नाही. या आठवड्यात त्यांना खिडकीपाशी उजेडात बसवून गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात का होईना, पण त्यांना लगेच दाखवा.